घर डावीकडे कलतं करा

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण कंबर धरून. शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला की कंबर नमस्कारालाही कुरकुर करते.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का, की अजून ते खोकूनच तुला हाक मारतात? मागच्या पत्रात तू लिहिलंस, 'शाळेत शिकवायला लागलास, आता तरी माणसांत येशील.' आक्का, तू मुख्याध्यापिका आहेस, म्हणून शाळा म्हटलं की तुला माणसं दिसतात. मी काय पाहिलं ते सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस आणि मधे उठू नकोस.

तर, सरकारी शाळा सुटल्यावर तिथल्या मुलांना कला शिकवणारी एक संस्था आहे. त्यांना स्वस्तातला चित्रकलेचा मास्तर हवा होता आणि मला संध्याकाळ मोकळी होती. वर्ग मिळाला तो जुन्या प्रयोगशाळेत. भिंतीला बेसिनं आहेत, पण खाली पाइप नाही, त्यामुळे ब्रश धुतले की पाणी सरळ खालच्या बादलीत. शेजारी शिपाई, त्याच्याकडे मोडकी बाकं. बाकं ठेवायला त्याला हीच खोली हवी होती. रोज एक बाक आणून 'जरा टेकवतो' म्हणायचा आणि टेकवलेलं बाक तिथेच मुक्कामाला राहायचं. वर्षअखेरीला देणगीदारांची कमिटी प्रदर्शन पाहायला येणार, त्यांना आवडलं तर वर्ग चालू, नाही तर खोली बाकांना, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिपायाला त्याआधीच कुणीतरी सांगितलं असावं.

मी कुणाकडे शिकलो नाही, हे तुला माहीत आहे. (दाताच्या डॉक्टरच्या पाटीवरची दाढ माझी. लोक ती पाहून गाल धरतात.) जे शिकलो ते वस्तूकडे बघून. म्हणून मुलांसमोर तीच बादली ठेवली. पोरांनी बादलीचं तोंड चक्क गोल काढलं, जणू वरून विहिरीत डोकावताहेत. म्हटलं, तोंड गोल असतं पण दिसतं लंबगोल, एक डोळा मिटून बघा. वर्गात एक मुलगी आहे, तिला मी वकीलबाई म्हणतो. ती उठली, बादलीच्या काठावरून बोट फिरवून आली आणि म्हणाली, "सर, गोलच आहे. मी हात लावून आले." त्या दिवसापासून माझं आणि तिचं जुंपलं ते जुंपलंच. पण हळूहळू बादल्या जमायला लागल्या. कडीला वजन आलं. बादलीची सावली जमिनीवर पडायला लागली. (आधी ती बादलीच्या बाजूला हवेत उभी असायची.) वकीलबाईची बादली तर अशी झाली, की शिपाई ती बघून म्हणाला, "ही गळत नाही वाटतं."

आणि मग आल्या संस्थेच्या संचालिका. यांना मी मोकळ्याबाई म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'मोकळं' या शब्दावर येऊन बसतं. मोकळा हात, मोकळं मन, मोकळा रंग. स्वतः मात्र फाइल छातीशी इतकी घट्ट धरतात की मला फाइलची काळजी वाटते. बादल्या पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी मुलांना सिगारेट ओढायला शिकवली. म्हणाल्या, "छान आहेत हो, पण मुलांनी काढल्यासारख्या वाटत नाहीत. कमिटीला निरागस चित्रं आवडतात." म्हणजे आक्का, पोरं नीट काढायला शिकली, हाच गुन्हा! पोहण्याच्या मास्तरला कुणी विचारतं का, की पोरं बुडताना का दिसत नाहीत?

पण खोली जाणार होती. म्हणून घरी बसून निरागस चित्र काढायचा सराव केला. पहिलं पाहून तुझी भावजय म्हणाली, "कुणावर चिडून काढलंय?" मग शेजारच्या बालवाडीत जाऊन, भिंतीवरची चित्रं पट्टीनं मोजून, निरागसपणाचे नियम पक्के केले. घर डावीकडे कलतं. सूर्य उजव्या कोपऱ्यात, भाकरीच्या चतकोरासारखा. धुराची गुंडाळी, स्प्रिंगसारखी. माणसाचा हात खांद्यातून नाही, कानाखालून. दुसऱ्या दिवशी सगळं फळ्यावर काढून दाखवलं आणि बजावलं, यात तसूभर फरक चालणार नाही. वकीलबाई उठलीच. "सर, हात कानाखालून कसा येईल?" मी ओरडलो, "मोकळेपणानं!" तर म्हणे, "मी पहिल्यांदा माणूस काढला तेव्हा हात असाच काढला होता, तो तुम्ही खोडायला का लावला?" यावर मी तिला ब्रश धुवायला पाठवलं. काही प्रश्नांना पाणी हेच उत्तर असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून एकेका खिळ्याला टांगली. कमिटी आली. सगळ्यात पुढे त्यांचे अध्यक्ष, टापटिपीचे गृहस्थ. पहिल्या चित्रातलं घर कललेलं पाहून त्यांना वाटलं, चित्रच तिरकं टांगलंय. त्यांनी बोटानं सरळ केलं. दुसरंही सरळ केलं. बाकीच्यांनाही जोर चढला. बघता बघता भिंतीवरची सगळी घरं ताठ उभी आणि सगळे पुठ्ठे तिरके! मग मागे सरून पाहतात तो काय, सगळ्या घरांचा एकच धूर, एकच सूर्य, कानाखालून आलेले एकाच लांबीचे हात. मोकळ्याबाईंनी फाइल तोंडासमोर धरली. शिपाई दारात बाक घेऊन उभा होता, तो एक पाऊल आत आला.

अध्यक्षांनी नेमकं वकीलबाईला विचारलं, "बाळ, हे काढताना तुझ्या मनात काय होतं?"

"सर म्हणाले, घर डावीकडे कलतं करा."

"तुझ्या मनातलं काय?"

"मनातलं दाखवू?" म्हणून ती गेली आणि कपाटामागून आपली बादली घेऊन आली. (ती तिथे लपवली आहे हे मला ठाऊक नव्हतं.) अध्यक्ष म्हणाले, "तोंड लंबगोल का काढलंस? बादली तर गोल असते." आक्का, त्या मुलीनं माझ्याकडे एकदाही न बघता त्यांना बेसिनसमोर उकिडवं बसवलं, एक डोळा मिटायला लावला आणि मी शिकवलेला धडा शब्दन् शब्द त्यांना शिकवला. वर त्यांना दटावलंसुद्धा, "असा नाही, घट्ट मिटा." देणग्या वाटणारा तो भला माणूस बादलीसमोर बसून म्हणत होता, "अरेच्चा! खरंच की!" एवढं वय झालं, आणि बादली आज दिसली.

वर्ग वाचला. शिपाई बाक घेऊन परत गेला. पण पुढचं ऐक. कमिटीचं पत्र आलं, की मुलांना चित्रकलेचं असं पक्कं शिक्षण मिळायलाच हवं आणि त्यासाठी पुढच्या सत्रापासून परीक्षा पास झालेला मास्तर हवा. सध्याचे गृहस्थ (म्हणजे मी) घरं तिरकी शिकवतात! मी मोकळ्याबाईंना ठणकावून सांगितलं, या हाताला कागदाची गरज नाही, तुमची खोली तुम्हाला लखलाभ. आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. असल्या लोकांचं आयुष्यात तोंड पाहणार नाही, हे तुला लिहून कळवतो.

घरी लहानांना आशीर्वाद. दाजींना आल्याचा काढा दे.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी जाऊन आलो. नवा मास्तर अजून मिळालेला नाही आणि पोरं ब्रश तसेच वाळत टाकतात, म्हणून फक्त ब्रश धुवायला गेलो होतो. बुधवारीही जावं लागेल.

ता. क. २. तुझ्या शाळेत शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षेचं केंद्र असतं ना? वयाची अट आहे का, ते कुणाचं नाव न घेता विचार. नसल्यास माझा अर्ज भर. मला मागचं बाक दे, माझे गुडघे पोरांच्या बाकात मावत नाहीत. दाजींना सांगू नकोस, ते खोकल्याच्या आवाजात गावभर सांगतील.

ता. क. ३. वकीलबाईही याच परीक्षेला, तुझ्याच केंद्रावर बसते आहे. तिची जागा माझ्याजवळ ठेवू नकोस. माझा कागद पाहिला तर ती खोडायला लावेल.