चार मजल्यांचं अंतर

मार्सेय बंदर, सोमवार

प्रिय फिलोमेनाताई,

मठाच्या शाळेत आपण वेदीची वस्त्रं इस्त्री करायचो, ते काल आठवलं. मी एक जाळलं आणि तू सिस्टरांना म्हणालीस, "माझाच हात चुकला."

बोट गुरुवारी सकाळी आठला नेपल्सला लागेल, चारला सुटेल. नऊपर्यंत तुझ्या गल्लीत पोचेन. तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी फक्त जिने बंद केलेत.

तुझी लिडिया फोनवर म्हणाली, "मावशी, आई चिडलीय. म्हणते, अर्जेंटिनाहून समुद्र ओलांडते आणि चार मजले चढवत नाहीत हिला?" ताई, चढवले असते तर धावत आले असते. पण तुझे गुडघे असे, तू उतरायचं नाहीस. पडलीस तर मी परत बोटीवर कशी चढू?

म्हणून असं ठरवलंय. मी खाली खुर्ची टाकून बसेन, तू बाल्कनीत बस. भाजीवाल्याला सोडतेस तशी दोरीने टोपली सोड. माझं जेवण त्यातूनच पाठव, वांगी नक्की कर. बोलणं गल्लीला ऐकू गेलं तर जाऊ दे. मला मोठ्याने बोलताना धाप लागते, तेव्हा तूच जास्त बोल. औषधं वेळेवर घेतेस ना?

टोपलीतून वर येईल ते असं दे. दुधाच्या मिठाईचा डबा खालच्या आमेलियाबाईंना, खुर्ची त्यांचीच मागणार आहे. चांदीची जपमाळ लिडियाला. आईची कर्णफुलं तुला. ती आता तुझ्याकडेच राहू देत. लगेच घाल आणि कठड्याशी उभी राहा, मला खालून बघायचंय.

तुझीच,
एर्सिलिया