रुज्म क्रमांक ११७ खाली वद्हा आहे

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
प्राचीन अवशेष व उत्खनन कार्यालय,
पूर्व हर्रा विभाग, बिअर अस-सुवैद.

विषय : रुज्म क्रमांक ११७ हा दोन हजार वर्षांपूर्वीचा नसून साडेतीन वर्षांपूर्वीचा असल्याबाबत, व तो उघडू न देण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २ सप्टेंबर २०१८, जी कबरीच्या उशाच्या दगडाला चिकटवली होती.
२) अर्जदाराचे अर्ज, दि. ५ व १९ सप्टेंबर.
३) आपले उत्तर, दि. ७ ऑक्टोबर, व त्यासोबतचा डॉ. रामिझ यांचा अहवाल.

महोदय,

१. अर्जदार मिझल बिन हायिल, वय ६३, याने आपल्या खात्यात सव्वीस वर्षे उत्खननावर काम केले. पहिली चार वर्षे माती चाळली, पुढे दगड उचलले आणि शेवटची सोळा वर्षे उघडलेले रुज्म पुन्हा होते तसे रचून देण्याचे काम केले. आपल्या नोटिशीत 'रुज्म म्हणजे मृतावर रचलेली दगडांची रास' असे लिहिले आहे. ते बरोबर आहे. क्रमांक ११७ ही तशीच रास आहे. तिच्याखाली अर्जदाराची पत्नी वद्हा आहे. अल्लाह तिच्यावर दया करो.

२. ती फेब्रुवारी २०१५ मध्ये वारली. त्या आठवड्यात हर्रात, म्हणजे या काळ्या दगडांच्या वाळवंटात, बर्फ पडले होते. काळ्या दगडांवर बर्फ बसले की वाट कोणती आणि खड्डा कोणता ते कळत नाही. गाडी निघेना. मृताला ताटकळत ठेवत नाहीत, म्हणून अर्जदाराने, तिचा भाऊ जुरैद याने आणि दोन्ही मुलींनी मिळून तिला तंबूपासून हाकेच्या अंतरावर पुरले. दवाखान्याचा दाखला तीन आठवड्यांनी मिळाला. त्यावर मृत्यूचे ठिकाण 'हर्रा' एवढेच लिहिले आहे. हर्रा ओलांडायला मोटारीने एक दिवस जातो, त्यामुळे हा पुरावा अपुरा आहे, असे आपले म्हणणे. अर्जदाराने चौघांची साक्ष देऊ केली. तेव्हा नातेवाइकांची साक्ष ग्राह्य नाही, असे उत्तर आले. अशा बर्फात बाई पुरायला परकी माणसे कुठून आणायची, ते उत्तरात लिहिलेले नाही.

३. मग अर्जदार स्वतः कार्यालयात आला. आपले कारकून मुसअद यांनी चहा दिला, त्याबद्दल आभार. चहा झाल्यावर ते म्हणाले, "काका, एवढी काळजी कशाला करता? उघडल्यावर कळेलच की. तुमची बायको निघाली, तर लगेच परत झाकू."

अर्जदार म्हणाला, "आणि मग पुरावा म्हणून काय देऊ? तिलाच आणू का टेबलापाशी?"

"चिडू नका हो. नियम आहे तो. आत कोण आहे ते ठरल्याशिवाय थांबवता येत नाही, आणि उघडल्याशिवाय ठरत नाही."

हे बोलणे अर्जदाराने दोनदा ऐकून घेतले. दोन्ही वेळा त्याचा अर्थ तोच निघाला.

४. आता डॉ. रामिझ यांच्या अहवालाविषयी. ते शिकलेले आहेत. अर्जदार पाचवीपर्यंत शिकला आहे. तरी पुढील गोष्टी चूक आहेत.

(अ) अहवाल म्हणतो की, हा 'या भागातील सर्वांत सुस्थितीत राहिलेला रुज्म' आहे. तो सुस्थितीत आहे, कारण त्याला अजून चार हिवाळे झालेले नाहीत.

(आ) अहवाल म्हणतो की, रचनेची पद्धत 'क्रमांक ४२ शी तंतोतंत जुळते, बांधणारा हात बहुधा एकच'. हे अगदी खरे आहे. क्रमांक ४२ उघडल्यानंतर तो अर्जदारानेच पुन्हा रचला होता. आपल्या कपाटात त्या कामाचे फोटो आहेत. त्यांत पाठमोरा दिसतो तो अर्जदार.

(इ) अहवाल म्हणतो की, कबर पूर्व-पश्चिम आहे आणि 'यावरून मृत व्यक्ती सूर्याची उपासक असावी'. ती पूर्व-पश्चिम आहे, कारण उजव्या कुशीवर ठेवल्यावर तोंड मक्केकडे यायला हवे. वद्हा आजारातसुद्धा पाचही वेळा नमाज पढत होती. तिला सूर्याची उपासक लिहिणे हा तिचा अपमान आहे. हे वाक्य आधी खोडावे, बाकीचे मग बघू.

(ई) अहवाल म्हणतो की, ही कबर 'बहुधा एखाद्या टोळीप्रमुखाची' आहे. घरात तिचेच चालत असे, हे अर्जदार नाकारत नाही. पण टोळी नव्हती. तिच्याकडे एकतीस शेळ्या होत्या.

(उ) राशीभोवतीच्या बाहेरच्या गोल कड्यात दक्षिणेच्या उभ्या दगडाखाली पत्र्याचा तुकडा सापडला. त्याबद्दल अहवाल म्हणतो, 'हा तरसाने ओढून आणला असावा'. तरस पत्रा दुमडून पाचरीसारखा दगडाखाली ठोकत नाही. त्या दिवशी योग्य मापाची कपची मिळाली नाही, म्हणून अर्जदाराने चहाचा डबा कापून अर्धा तिथे ठोकला. उरलेला अर्धा या अर्जासोबत टाचला आहे. दोन्ही कडा जुळवून पाहाव्यात.

५. महिन्यापूर्वी डॉ. रामिझ कबरीपाशी भेटले. हे तेच, जे विद्यार्थी असताना आपल्या खात्याच्या परदेशी तज्ज्ञ अग्नेसबाईंबरोबर येत. पहिल्या वर्षी पडलेला दगड आणि ठेवलेला दगड यांतला फरक त्यांना कळत नसे. तो अर्जदाराने शिकवला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी अर्जदाराचा हात धरला आणि म्हणाले, "मिझल काका, तुम्ही बांधलंत? हे? अहो, प्रत्येक दगडाची उन्हापावसानं काळी पडलेली बाजू वर आहे, बघा. हल्लीच्या माणसाला एवढं सुचत नाही."

"हल्लीच्या एका माणसाला ते मीच शिकवलंय, तुला."

"काका, तुम्ही दुःखात आहात. दुःखात माणसाला असं वाटतं."

"मला काय वाटतं ते राहू दे. मी काय रचलं ते सांगतोय."

मग ते म्हणाले, "माझा लेख छापायला गेलाय, काका. नकाशासकट."

अर्जदाराला लेखाचे वाईट वाटते. पण लेख मागे घेता येतो.

६. उशाच्या दगडावर जुनी अक्षरे आहेत आणि त्यावरून काळ ठरवला, असे अहवाल सांगतो. याबाबत अर्जदाराला कबुली द्यायची आहे. तो दगड मूळचा तिथला नाही. चाळीस पावलांवर पश्चिमेच्या उतारावर तो पडलेला होता. अर्जदाराने तो हलवला. प्राचीन वस्तू जागेवरून हलवणे हा गुन्हा आहे, हे अर्जदाराला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे. त्याची शिक्षा भोगायला अर्जदार तयार आहे. शिक्षा करण्यासाठी आधी आपल्याला लिहावे लागेल की दगड हलवला गेला. ते आपण लिहावे, अशी विनंती आहे.

दगड का हलवला, तेही सांगतो. तो वद्हाला शेळ्यांमागे फिरताना सापडला होता. तिने अग्नेसबाईंना हाताला धरून नेऊन दाखवला. बाईंनी गुडघे टेकून वाचला आणि आम्हाला सांगितले की, कोणी सअद नावाचा शेळ्या राखणारा त्या जागी आला, त्याने चारा पाहिला, आणि गेलेल्या माणसासाठी तो इथे बसून रडला. शेवटी असे आहे की, जो हे लिखाण राहू देईल तो सुखरूप राहो आणि जो बिघडवील तो आंधळा होवो. मध्ये त्या काळच्या एका देवीचे नाव आहे. ते अर्जदार लिहीत नाही.

वद्हाने सगळे ऐकून घेतले आणि अर्जदाराला म्हणाली, "बघ म्हाताऱ्या. शेळ्या राखणारा होता, पण लिहून गेला. तू पाचवी शिकलास, तुझ्याच्यानं चार अक्षरं व्हायची नाहीत. तू नुसता रडशील."

"मी आधी जाणार. तूच रडशील."

"मला कुठला वेळ? शेळ्या कोण बघेल?"

अग्नेसबाई हसल्या. त्याही दोन वर्षांपूर्वी त्यांच्या देशात वारल्या, त्यामुळे त्यांची साक्ष आणता येत नाही. आमच्यात कबरीवर नाव कोरत नाहीत. म्हणून अर्जदाराने तो दगड आणून उशाशी ठेवला. अर्जदाराला जे म्हणायचे होते ते त्यावर आधीच लिहिलेले होते. आंधळे होण्याची धमकी अर्जदार आपल्याला देत नाही. ते भाषांतर आपल्याच खात्याचे आहे.

७. दगडावर आपल्या माणसांनी पांढऱ्या रंगाने ११७ लिहिले होते. ते अर्जदाराने वाळूने घासून काढले. हाही गुन्हा असल्यास वरच्या गुन्ह्यात मिळवावा. पुन्हा लिहिल्यास पुन्हा काढण्यात येईल.

८. आता जे लिहायचे आहे ते कोणी विचारलेले नाही, तरी लिहिणे भाग आहे. अर्जदाराने स्वतःच्या हाताने एकोणचाळीस रुज्म उघडले. आत जे असे ते ब्रशने स्वच्छ करून पेटीत ठेवले, पेटीवर आकडा लिहिला. काम चांगले केले, म्हणून खात्याने दोनदा शाबासकीचा कागद दिला. त्या सगळ्या काळात वद्हाने अर्जदाराला हात धुतल्याशिवाय तंबूत घेतले नाही. ती पाण्याचे भांडे घेऊन बाहेर उभी राहायची. म्हणायची, "धू. कोपरापर्यंत धू. कुणाच्या तरी बायकोला उकरून आलायस, आणि माझ्या भाकरीला हात लावणार?"

अर्जदार म्हणे, "अगं, दोन हजार वर्षं झाली त्यांना. आता कुणाचं काय जातंय?"

ती म्हणे, "जातं ना. त्यांच्यातलं अर्ज करणारं कुणी उरलं नाही, एवढंच."

अर्जदार तेव्हा हसण्यावारी नेत असे. ही गोष्ट येथे लपवून अर्ज केला असता, तर तो खोटा झाला असता. त्या एकोणचाळीस जणांसाठी अर्जदार आता काही करू शकत नाही. त्यांच्या पेट्या राजधानीत आहेत.

९. आपल्या उत्तरात शेवटी लिहिले आहे की, रविवार दि. २१ ऑक्टोबर रोजी सकाळी सात वाजता काम सुरू होईल आणि 'संबंधित व्यक्तीने सहकार्य करावे'. त्याबाबत कळवतो की, अर्जदाराने आपला तंबू कबरीच्या पूर्वेस हलवला आहे. दोर बाहेरच्या कड्याच्या आतून नेले आहेत, म्हणजे तंबू काढल्याशिवाय कड्याला हात लावता येणार नाही. तंबू अर्जदार काढणार नाही. पोलीस आणावेत. त्यांच्यासाठी चहा होईल. अर्जदार हात उगारणार नाही, पण उठणारही नाही. उचलूनच न्यावे लागेल. नेऊन सोडले, की परत येईन. वाट पाठ आहे.

कबर न उघडण्याबाबत आधीच्या दोन अर्जांमध्ये 'विनंती' म्हणून लिहिले होते. या अर्जात ते माहिती म्हणून लिहिले आहे.

१०. तरीही आपल्याला पुराव्याची अडचण आहे, हे अर्जदार समजतो. आत न पाहता बांधणाऱ्याचा हात ओळखायचा, तर एकच मार्ग आहे : तो हात काम करताना पाहणे. म्हणून अर्जदाराने काल सकाळपासून वद्हाच्या डाव्या बाजूला दुसरे कडे रचायला घेतले आहे. उभे दगड अकरा झाले. वय झाल्यामुळे दिवसाला पाच-सहाच होतात. पूर्व-पश्चिम आखले आहे. काळी बाजू वर आहे. हे कोणासाठी आहे ते सांगायला नको.

डॉ. रामिझ यांना पाठवावे. त्यांनी मोजपट्टी आणि वही घेऊन शेजारी बसावे, प्रत्येक दगड कसा बसतो ते लिहून घ्यावे आणि मग उजवीकडच्या राशीशी ताडून पाहावे. ते प्रामाणिक आहेत. तिसऱ्या दगडापर्यंत त्यांना कळेल आणि ते स्वतःच लेख परत मागवतील, अशी अर्जदाराची खात्री आहे.

दुसऱ्या कड्याची आपल्या नोंदवहीत ११८ म्हणून आजच नोंद करावी. पुढे कोणी शिकलेला माणूस आला, तर चूक होऊ नये, म्हणून नोंद पुढीलप्रमाणे असावी : बांधणारा, मिझल बिन हायिल. काळ, इ. स. २०१८, ऑक्टोबर. उपासना, इस्लाम. स्थिती, रिकामा, मालक जिवंत आहे आणि दारात बसला आहे. शेजारी, त्याची पत्नी.

आपल्या खात्याचा सव्वीस वर्षांचा दगड रचणारा,

मिझल बिन हायिल
(सही)

मुक्काम : वद्हाच्या पूर्वेस, तंबू.
दि. १४ ऑक्टोबर २०१८