स्वेटरमधलं अंडं

तीर्थस्वरूप मामांना,

तुमच्या भाचीचा, म्हणजे तंद्रीचा, वाकून नमस्कार. (पेनचं टोपण खाली पडलं म्हणून वाकलेच होते, त्यातच उरकून घेतला असं समजू नका. टोपणासाठी वेगळी वाकले.) तुमची तब्येत कशी आहे? जिना चढताना गुडघे अजून कुरकुरतात की आता जिनाच कुरकुरतो? खिडकीतल्या खुर्चीवर तुम्ही बसता की मांजर, आणि मांजर बसत असेल तर तुम्ही कुठे बसता, हे सगळं सविस्तर कळवावं. इकडे सर्व ठीक. आईला माझी नोकरी अजून खरी वाटत नाही. सकाळी डोळे उघडल्यावर पहिली काही मिनिटं मलाही वाटत नाही.

तुम्ही आईला विचारलंत म्हणे, की पोरगी नेमकं करते काय? मामा, मी नमुने गोळा करते. (शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, पडद्याच्या कापडाचे असतील तर मलाही दाखव. आई म्हणाली, नमुन्याच्या हाती नमुने दिलेत, आता देवच राखो.) खाडीच्या पलीकडे एक लहानसं इस्पितळ आहे आणि अलीकडे मोठी लॅब, जिथे जंतू वाढवून ओळखतात. मधे नुसतं पाणी आणि एक म्हातारी लाँच. मी सकाळी पलीकडे जाते आणि वॉर्डावॉर्डांतून बाटल्या, डब्या, नळ्या घेऊन परत येते. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. लघवी बर्फाच्या पाकिटांत ठेवायची, कारण उबेत राहिली तर तिच्यातले दोन-चार फालतू जंतू वाटेतच एवढा गोतावळा जमवतात, की तपासणारा फसतो. रक्ताच्या बाटलीला मात्र थंडी सोसत नाही. नाव नेहमी बाटलीवर चिकटवायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं कुणाचीच नसतात, आज या बाटलीवर तर उद्या त्या. हे सगळं मला फार आवडतं, मामा. लाँचमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलं, की इंजिनाच्या गुरगुरीत डोळे अर्धे मिटतात आणि वाटतं, माझ्या मांडीवर एक अख्खं झोपलेलं गाव आहे, फक्त ते फार बारीक आहे.

तर गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळपासून असं धुकं पडलं होतं, की इस्पितळाच्या व्हरांड्यातून समोरचं झाडही कुणीतरी खोडरबरानं पुसल्यासारखं दिसत होतं. मुलांच्या वॉर्डात एक छोटी मुलगी आली होती, तापानं फणफणलेली, मान ताठ, उजेड दाखवला की डोळे गच्च मिटणारी. डॉक्टरांनी तिच्या पाठीच्या कण्यातून थोडंसं पाणी काढलं आणि लगेच औषध सुरू केलं. पण मेंदूला सूज आणणारे जंतू नेमके कुठले, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजावर होतं. सिस्टरनी ती नळी एका कडक डबीत, डबी कापसात आणि कापूस दुसऱ्या डबीत असं गुंडाळून माझ्या हातात दिलं. नेहमी अशा नळीसाठी एक उबदार पेटी असते, पण तिचं झाकण तुटून ती दुरुस्तीला गेली होती. सिस्टर म्हणाल्या, "हिला बर्फ दाखवायचासुद्धा नाही. यातले जंतू थंडीनं मरतात. मेले तर लॅबला काही उगवायचं नाही. आणि तासाभरात पोचव." (मामा, बघा हं. जे जंतू पोरीच्या जिवावर उठले होते, त्यांनाच गारठा लागू नये म्हणून आमची धावपळ.) मी डबी स्वेटरच्या आत, अगदी पोटाशी ठेवली आणि वरून ओढणी आवळून बांधली. दारात मुलीची आई उभी होती. मी जिन्याशी पोचल्यावर ती मागून एवढंच म्हणाली, "सांभाळून जा हं," शाळेत निघालेल्या पोरीला सांगावं तसं.

लाँच सुटली आणि धक्का लगेच नाहीसा झाला. मग पाणी नाहीसं झालं. खाली पांढरं, वर पांढरं, मधे एक बाक आणि बाकावर आम्ही काही माणसं, जणू कुणीतरी आमच्याविषयी विचार करत होतं आणि मधेच विसरून गेलं. आवाजसुद्धा कापूस लावून येत होते. मला अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी लगेच मनानं कुठेतरी निघून गेले असते, पण पोटाशी डबी होती, म्हणून अर्धी इथे राहिले. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. त्या बराच वेळ माझ्या स्वेटरकडे बघत होत्या. शेवटी कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अंडं आहे का गं?" मी हो म्हटलं. काय करणार? डब्यात खरं काय असतं ते एकदा मी लाँचमध्ये सांगितलं होतं, तर सगळी मंडळी एका बाजूला सरकली होती आणि लाँच इतकी कलली, की लाँचवाल्यानं मलाच ओरडून मधे बसवलं. आजीबाईंनी आपली शाल काढून माझ्याभोवती घातली. "उबवायचं तर नीट उबव. कोंबडी उठून गेली असेल ना?" समोर पितळी ट्रम्पेट मांडीवर घेतलेला एक बँडवाला होता, त्याला त्यांनी खुणेनं सांगितलं, की वारा येतोय त्या बाजूला बस. तो बसला. माझ्या अंड्याची काळजी आता सगळ्या बाकाला लागली होती.

तेवढ्यात लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, पुढे काही दिसत नाही, खडकावर चढवली तर सगळेच पोहत जाऊ, धुकं उठेपर्यंत थांबायचं. भोंगा बिघडलेला. कुणी तक्रार केली नाही. एकेक जण डुलक्या घेऊ लागला. लाँच नुसती हलत होती, पाळण्यासारखी, आणि मामा, इतकं सुंदर होतं ते सगळं, की मला रडूच आलं. कारण जन्मात पहिल्यांदा मला ते सुंदर नको होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "लाँच चालू करा. हे अंडं नाही. पलीकडच्या इस्पितळातल्या एका लहान मुलीच्या पाठीतलं पाणी आहे. गार पडलं तर तिला काय झालंय ते कळणार नाही."

मला वाटलं, आता सगळे सरकणार. मी बाक धरून ठेवला. पण कुणी हललं नाही. आजीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मला हाताला धरून खाली बसवलं आणि शालीचं टोक माझ्या मानेखाली आणखी घट्ट खोचलं. लाँचवाला म्हणाला, "अहो ताई, चालवीन, पण दिसत नाही त्याचं काय करू?" त्यावर बँडवाला पहिल्यांदाच बोलला. "दिसत नाही. ऐकू तर येईल?" तो टपावर चढला आणि त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावला. (सूर कुठला ते विचारू नका. मला वाटतं, त्यालाही माहीत नव्हतं.) तो लांब, पिवळा आवाज धुक्यात गेला आणि कितीतरी वेळ परतच आला नाही. मग फार दूर, डावीकडे, धक्क्यावरच्या माणसानं घंटा वाजवली. लाँचवाल्यानं इंजिन अगदी हळू सुरू केलं. ट्रम्पेट विचारायचा, घंटा सांगायची, आणि आम्ही त्या दोघांच्या बोलण्यावरून, काठीनं चाचपडत जावं तसे पुढे जात होतो. एकदा खडक इतका जवळून गेला, की त्याच्यावरचे शिंपले दिसले. धक्का लागला तेव्हा बँडवाल्याचे गाल टोमॅटोसारखे झाले होते. त्याला धन्यवाद द्यायलाही मी थांबले नाही, नुसती पळत सुटले. आजीबाईंची शाल अंगावरच राहिली.

लॅबच्या मॅडमनी डबी हातात घेतली आणि म्हणाल्या, "ऊब आहे." एवढंच. मग त्यातला थेंब काचेवर पसरला, रंग चढवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. गुलाबी रंगाचे, जोडीजोडीनं, एकमेकांना टेकून बसलेले. इतके शांत दिसत होते, मामा, की राग आणायचा तर कसा आणायचा? मॅडमनी लगेच इस्पितळाला फोन करून औषध कुठलं चालू ठेवायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या ताटलीवर दवासारखे थेंब उगवलेले होते. म्हणजे वाटेत मेले नव्हते. मी आनंदानं टाळी वाजवली. (जंतू जगले म्हणून टाळी वाजवणारी तुमच्या घराण्यात मीच पहिली असेन.) आज पलीकडे गेले तेव्हा ती मुलगी पलंगावर बसून आईशी भांडत होती. वेणी इतकी घट्ट घालायची नाही, डोकं दुखतं. आई हसत होती आणि डोळे पुसत होती आणि वेणी आणखीच घट्ट घालत होती.

असो. फार लांबलं. तब्येतीस जपावं.

तुमची भाची,
तंद्री

ता. क. पत्रासोबत रुंद तोंडाची एक प्लॅस्टिकची डबी आहे. ती तपकिरीसाठी नाही. तुम्ही गेले कित्येक आठवडे खोकताय आणि "हवा बदलली" म्हणताय, असं मामींनी आईला सांगितलं. इतक्या वेळा हवासुद्धा बदलत नाही.

आणखी ता. क. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापिण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि गच्चीवर मोकळ्या हवेत जाऊन छातीच्या तळापासून खोकून जे येईल ते डबीत. थुंकी नको. मागे एका गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे डबीभर लाळ दिली होती. तिच्यातून त्यांचे संस्कार कळले, रोग कळला नाही.

शेवटचा ता. क. या पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी तुमच्याच स्वयंपाकघरात बसले आहे. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता. मुक्कामालाच आले आहे, सकाळी डबी घेतल्याशिवाय जायची नाही. आत्ता जो खोकला ऐकू आला तो छान होता, पण तो वाया गेला. आता जरा दमानं घ्या, आणि पहाटेसाठी एक चांगला राखून ठेवा.