तळवड्याच्या फ्लेक्सवरचं इंग्लंड

४ नोव्हेंबर
रोजनिशी दिवाळीआधीच सुरू करणार होतो. मग म्हटलं, इंग्लंडला पोचून लिहू, पहिलं पान भारी होईल. व्हिसा नाकारला. त्यांचं नुकसान.
पण अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, व्हिसाच्या आधीच तळवड्याच्या चौकात फ्लेक्स लावला होता. 'इंग्लंडच्या हॉटेलात निवड झाल्याबद्दल शेखर अर्जुनराव यांचे हार्दिक अभिनंदन.' माझा गॉगलवाला फोटो, खाली अख्खी भावकी. तो उतरेपर्यंत गावात तोंड दाखवणं अवघड. म्हणून हार घालून घेतले, आईच्या पाया पडलो, मित्राच्या, जयदीपच्या गाडीत विमानतळाला म्हणून बसलो. गाडी तळेगावला वळली ती थेट चाकणच्या पुढे.
जयदीप इथल्या 'ॲशवर्थ मॅनर'चा मॅनेजर. इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या श्रीमंती घरासारखं हॉटेल. भिंतीवर वेली, प्लास्टिकच्या. फायरप्लेस, आत लाल बल्ब. इंग्लंडमध्ये तरी वेगळं काय असतं?

६ नोव्हेंबर
आजपासून शिस्त. इंग्रजी, व्यायाम, व्हिसाचा नवा अर्ज. इंग्रजी काढलं आणि लॉनवर मोर आला. मोरामागे गेलो. पलीकडे जेसीबी चालू होता. तो बघण्यात जेवायची वेळ झाली.
घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. विजेचा टॉवर आणि कंपनीचं शेड कापून. कुणीतरी पाचट जाळत होतं, धुकं फार छान आलंय. आईने विचारलं, स्वेटर घातलास का. हो म्हटलं. बनियनवर होतो.

९ नोव्हेंबर
गुड मॉर्निंग दुपारीच टाकावं लागतं, तिकडे तेव्हा सकाळ होते. म्हणजे उशिरा उठणं आता कामाचा भाग.
जयदीप म्हणाला, फुकट राहतोस तर दारात तरी उभा राहा भावा. लाल कोट दिलाय, पांढरे हातमोजे दिलेत. याला वेटर म्हणत नाहीत. बटलर म्हणतात. घरी असिस्टंट मॅनेजर असं कळवलंय, अप्पांना समजायला सोपं.

१३ नोव्हेंबर
बहिणीचा, ओवीचा साखरपुडा ठरला. मुलगा ताथवड्याचा, इंजिनियर. ओवीला तिच्या दादाच्या हॉटेलासारखीच जागा पाहिजे. मी समजावलं, अशी जागा भारतात शोधून सापडायची नाही. कल्पना यावी म्हणून जिना, फायरप्लेस, पोर्च, सगळ्याचे फोटो पाठवले.
अप्पांचा व्हॉइस मेसेज आला. "सगळं झ्याक चाललंय. फकस्त पोरीच्या कार्याला भाऊ न्हाई, त्येवढंच."
परत ऐकला. मग नशिबाने मोर आला.

१८ नोव्हेंबर
ठरलं. आज फोन करून खरं सांगायचं. जेवून.
जेवणानंतर आवाज जड येतो. उद्या.

२१ नोव्हेंबर
फोन राहिला. इथे रेंजचा प्रॉब्लेम आहे. (रील्स दिसतात, ते वेगळं.)
जयदीप सासुरवाडीला गेलाय. मालक म्हणाले, रविवारी अख्खं हॉटेल बुक, ताथवड्याची पार्टी, साखरपुडा. ताथवड्यात साखरपुड्यांची साथच आलेली दिसते. जमिनी विकल्या की लोकांना इंग्लंड सुचतं. हसू येतं.

२३ नोव्हेंबर, सकाळ
कोटाला इस्त्री. दारात कोकम सरबताचा ट्रे धरायचाय. पाहुण्यांशी फक्त इंग्रजी बोलायचं ठरवलंय. गेटवर पोरं फ्लेक्स बांधतायत, मालकांनी मला शिडीवर चढवलं.

थोड्या वेळाने
चादरींच्या खोलीतून लिहितोय.
फ्लेक्स उलगडला. मधे ओवी आणि नवरदेव. कोपऱ्यातल्या शुभेच्छुकाचा गॉगल ओळखीचा वाटला. खाली लिहिलंय, 'शेखर (इंग्लंड)'. शिडीवरून कसा उतरलो आठवत नाही.
पोर्चमध्ये आईचा आवाज येतोय. "आक्षी आमच्या शेखरच्या हाटेलावानीच हाय की. त्यो बी असाच सायबागत फिरत आसंल." मालक बटलरच्या नावाने शिव्या देतायत.
दार उघडलं. ओवी. साडीच्या निऱ्या नीट करायला आडोसा शोधत आलेली. मी लिहीतच राहिलोय, म्हणजे वर बघावं लागत नाही. तिने माझा कोट बघितला, हातमोजे बघितले, दार आतून लावलं.
"इंग्लंडात फारच थंडी दिसतेय, दादा. घाम पूस. अप्पा आलेत."