हराळीचा बंदोबस्त

३ जुलै, सकाळ
आजपासून लॉनचं तण काढायचं. पंधरा दिवस पुरे.
हे गेल्यापासून गवत कापायचं मशीन फिरलं नाही. चार महिन्यांत हराळी माजली. जमिनीत मुळांच्या लांब काशा, वर तुरे. ह्यांनी सहा वर्षं जपलेलं लॉन तिच्याखाली दबून गेलं. मी हातकणंगल्याकडची, शेतकऱ्याची लेक. शाळा चौथीपर्यंत, पण खुरपं सातव्या वर्षापासून हातात. हराळी मला कुणी शिकवायला नको.
पुण्याहून विश्वजितचा फोन. म्हणाला, आई, गवतात साप निघेल, पेव्हिंग ब्लॉक घालू, माझी गाडीपण लागेल. मी म्हणाले, तुझ्या वडिलांची तेवढी एकच हौस होती. शेवटी ठरलं. गौरीला तो येईल तेव्हा लॉन नीट असेल तर राहील, नसेल तर ब्लॉक.
माझा काही त्या लॉनमध्ये जीव नाही. शब्द दिला म्हणून करायचं.

५ जुलै
दोन हात जागा झाली. काशा वीतभर खोल. कमरेत उसण. उद्या सुट्टी.

९ जुलै
सुट्टीच.

११ जुलै
लायब्ररीतून बागकामाचं पुस्तक आणलं. पहिलं प्रकरण ‘आपले गवत ओळखा’. ते सोडून दिलं. ज्याला तण ओळखता येतं त्याला उरलेलं आपोआप कळतं.
येताना हंबीररावांच्या खताच्या दुकानात गेले. त्यांनी विचारलं, काकी, लॉन कुठल्या जातीचं हाय? म्हटलं, हिरवं. म्हणाले, चिमूटभर पिशवीत घालून आणा, बघून औषध देतो. म्हटलं, औषध नको, हात आहेत अजून.

१९ जुलै
निम्मं झालं. उपटलेलं सगळं घरामागं, मोरीच्या पाण्याकडेला टाकते.
पारूबाई भांडी घासून जाताना थांबली. म्हणाली, वैनी, समदंच उपटायला लागलाय, मागं काय ऱ्हाणार? म्हटलं, लॉन. कुठं हाय? म्हटलं, खाली. ती वाकून बराच वेळ खाली बघत राहिली. ह्या बाईला धीर नाही.

२४ जुलै
आज ह्यांची खुर्ची हलवावी लागली. तिच्या पायांखाली पण हराळी. रोज संध्याकाळी हे चहा घेऊन तिथं बसायचे. मी दारातच उभी राहून प्यायचे. म्हणायचे, बस की जरा. मी म्हणायचे, आमटी लागेल.
खरोखरच लागली असती.
काशा काढून झाल्यावर खुर्ची मोजून होती तिथंच ठेवली.

८ ऑगस्ट
तण संपलं. पंधराचे छत्तीस दिवस झाले, पण त्यात उसणीचेही आले.
आणि लॉन धरायला लागलंय. भिंतीच्या बाजूला अगदी बारीक हिरवं. चष्मा लावला की स्पष्ट दिसतं. विश्वजितला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, आई, ह्यात बघायचं काय?

२६ ऑगस्ट, सकाळ
उद्या गणपती. आमच्याकडे यंदा नाही, वर्ष व्हायचंय. शेजारच्या आक्का ताट घेऊन आल्या. म्हणाल्या, दुर्वा न्यायला आलोय. म्हटलं, आमच्यात कुठल्या दुर्वा? म्हणाल्या, अगं, दरसाल तात्या देत होते की हितनंच. ह्यांना सगळे तात्याच म्हणायचे. मग त्यांनी अंगणाकडं बघितलं.
म्हटलं, हराळी काढली, आता खालचं लॉन येतंय. त्यांनी भिंतीकडच्या हिरव्यावर पाय ठेवला नि पटकन माझा दंड धरला. म्हणाल्या, शेवाळ हाय बाई ते, पडशील. आणि खालचं कुठलं लॉन? हराळीच हुती ती. तात्यांनी माझ्याच घरामागच्या परड्यातनं न्हेलती. दर रविवारी कापायचे म्हणून मऊ दिसायची. म्हणालते, आक्का, हिला सांगू नका, शेतातलं तण अंगणात लावलं म्हणून शिव्या घालेल.
आक्कांना हल्ली कमी दिसतं.

२६ ऑगस्ट, दुपार
पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं. तिसऱ्याच ओळीत आहे, हराळी म्हणजेच दुर्वा, लॉनलाही हीच लावतात.
शिव्या घातल्याच असत्या मी. सहा वर्षं त्यांनी पोटात ठेवलं.

३१ ऑगस्ट
विश्वजित आला. मी काही बोलायच्या आत त्यानं अंगणभर एक फेरी मारली नि खूश झाला. म्हणाला, आई, ऐकलंस शेवटी. खुदाईचं काम तूच करून ठेवलंस.
म्हटलं, हो. म्हटलं होतंस ना.

६ सप्टेंबर
ब्लॉक बसले. लाल आणि करडे. झाडायला सोपे. खुर्ची कामगारांनी घरामागं टाकली.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
खुर्ची आणायला मागं गेले. उपटून टाकलेल्या काशा सगळ्या लागल्यात. मोरीच्या पाण्यावर घोट्याएवढी हराळी, भिंतीपर्यंत. मशीन चालेल का बघायला पाहिजे. दर रविवारी.
मोरीचा वास येतो. फार नाही.
चहा तिथंच घेतला, बसून. थोड्या वेळानं आमटी लागल्याचाही वास आला. उठणारच होते.