कुपाटीतलं खिंडार

॥ श्री ॥
मु. उंबरवेढे, ता. खालापूर
२२ जानेवारी १९७५

चि. चांगो यास बुधाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे खुशाल आहोत.

संक्रांत करून तू गेलास तो गेलासच. आनंदी रोज विचारते, भाऊजी नीट पोचले का. करीच्या दिवशी प्रवासाला निघू नका म्हणून ती सांगत होती, तर तू सायकलवर टांग टाकून पसार. कारखान्याच्या भोंग्यापुढे वहिनीचं कोण ऐकतो म्हणा!

वालाला यंदा फुलोरा झकास आला होता. होता म्हणतो, कारण शेजारच्या गोदूकाकीची मैना दोन दिवस लागोपाठ आत शिरली आणि बांधालगतचे वाल बोडके करून गेली. ही शेळी काकीने वाटीने दूध पाजून वाढवलेली, हे तू जाणतोसच. दूध देत नाही, कधी व्याली नाही, तरी काकीचा तिच्यावर भारी जीव. मधल्या बांधावरची काट्यांची कुपाटी बापाच्या वेळेपासून अर्धी आपण घालतो, अर्धी काकी. खिंडार पडलंय ते नेमकं दोन्ही अर्धी मिळतात तिथे. मी म्हणतो ते काकीच्या बाजूचं. काकी म्हणते ते तुझ्या बाजूचं, आणि कोनाच्या का आसंना, माझ्या मैनानं ते पाडलेलं नाय.

शब्दाने शब्द वाढला. शेरडीला लेक म्हणतेस तर तिला वळणही लाव, असं मी बोलून गेलो. मूलबाळ नसलेल्या बाईला असं बोलायला नको होतं. पण आता तिचा आमचा अबोला आहे. तू चार माणसांत वावरतोस, काय करावं ते कळव.

प्रकृतीला जप, आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नको.

तुझा दादा,
बुधाजी


रसायनी
२७ जानेवारी १९७५

ति. दादा व सौ. वहिनी यांस चांगोचा शिर साष्टांग नमस्कार. वि. वि. मी इथे सुखरूप आहे. वहिनीला सांगा, करीने माझं काही वाकडं केलं नाही. दुसऱ्या पाळीला वेळेत हजर झालो. तिळाचे लाडू खोलीवरच्या लोकांनी दोन दिवसांत फस्त केले.

दादा, तुम्ही फार भिडस्त. जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर ते कोंडवाड्यात घालायचं, हा सरकारी नियम आहे. त्यात शेजारी-पाजारी काही नसतं. आज शेळी शिरली, उद्या काकी बांधच चार हात इकडे सरकवील. तक्रार लेखी द्या. कुंपण मोडून पिकाची नासाडी केली, असं स्पष्ट लिहा. आणि एकदा दिली की नरम पडू नका, नाहीतर लोक हसतील.

धाकट्याचं बोलणं गोड मानून घ्यावं.

आपला,
चांगो


उंबरवेढे
५ फेब्रुवारी १९७५

चि. चांगो यास आशीर्वाद. वि. वि. तू लिहिलंस तसं केलं. शनिवारी मैना पुन्हा वालात सापडली. तिला दोरी लावायचीही गरज पडली नाही. वालाची डहाळी पुढे धरली तर माझ्या मागोमाग पंचायतीच्या कोंडवाड्यापर्यंत चालत आली. मला तेव्हाच कसंसं झालं होतं.

पुढचं ऐक. गोदूकाकी दंड भरायला गेली. तिथल्या कारकुनाने माझी तक्रार वाचून दाखवली आणि हे कबूल आहे म्हणून अंगठा दे म्हणाला. काकी म्हणाली, शेरडी शिरली ह्ये खरं हाय, वाल खाल्लं ह्ये बी खरं. पन कुपाटी तिनं मोडली नाय. खोट्यावर आंगठा देनार नाय मी. तशीच माघारी आली. मी बांधावर गाठून विचारलं, मग कोणी मोडली ते तरी सांग. तर माझ्याकडे बघत राहिली आणि घरात गेली.

दंडापेक्षा तिला त्या दोन शब्दांचं लागलंय. मी जाऊन ‘कुंपण मोडून’ एवढं खोडलं तर शेळी आजच्या आज सुटेल. नाहीतर पंधरा तारखेला लिलाव. आनंदी माझ्याशी धड बोलत नाही. ताट वाढते आणि निघून जाते. तू करीच्या दिवशी त्याच बाजूने सायकल काढलीस. तेव्हा काट्या जागेवर होत्या का? नीट आठवून उलटटपाली कळव, कारण मला आता खात्री वाटत नाही.

वाट पाहणारा,
बुधाजी


रसायनी
९ फेब्रुवारी १९७५

ति. दादांस सा. नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. सध्या जादा पाळ्या चालू आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. काट्या जागेवरच असाव्यात. घाईत होतो, लक्ष दिलं नाही. आता तक्रार फिरवलीत तर तुम्हीच खोटे ठराल. काकी हट्टी आहे, शेवटच्या दिवशी येईल आणि अंगठा देईल.

वहिनीला नमस्कार. लोभ ठेवावा.

चांगो


उंबरवेढे
१७ फेब्रुवारी १९७५

चि. चांगो यास आशीर्वाद. वि. वि. काकी आली नाही. शनिवारी लिलाव झाला. शिळफाट्याच्या एका बकरेवाल्याने शेळी घेतली आणि टेंपोत चढवली. मी तिथेच उभा होतो. बोली मीही लावू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण स्वतःच कोंडवाड्यात घातलेली शेळी स्वतःच सोडवतो म्हणून चारजण हसतील, या लाजेने गप्प बसलो. चांगो, असली लाज काय चाटायची आहे?

घरी येताना काकी दारात बसलेली दिसली. मी मान खाली घालून पुढे गेलो. बांधालगतच्या वालाला पुन्हा फूट आली आहे. आठ-दहा ओळींचा तर प्रश्न होता.

तू ये एकदा. घरात करमत नाही.

बुधाजी


रसायनी
२१ फेब्रुवारी १९७५

ति. दादांच्या चरणी चांगोचा शि. सा. नमस्कार.

दादा, हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. ते खिंडार मी पाडलं. करीच्या दिवशी उशीर झाला होता. वळसा घालून रस्त्याला लागायचं तर पाळी चुकली असती. म्हणून काट्या बाजूला काढल्या, सायकल पलीकडे घातली आणि तसाच निघालो. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा हे डोक्यातसुद्धा नव्हतं, शपथेवर सांगतो. पण दुसऱ्या पत्रात तुम्ही विचारलंत तेव्हा सगळं लख्ख आठवलं. आणि तरी मी खोटं लिहिलं. एवढं मोठ्या तोंडाने तुम्हाला नियम शिकवले होते, ते गिळायचे कसे, एवढाच विचार केला.

तुमचं पत्र आलं तसा काल रजा टाकून शिळफाट्याला गेलो. दुकान सापडलं. भाकड शेळी कोण ठेवतो, लिलावाच्या दुसऱ्याच दिवशी कापली, असं तो म्हणाला. मी परत फिरलो.

काकीला तुम्ही सांगा. माझ्याने होणार नाही. मला वाटेल ते बोला, पण पत्र टाकणं बंद करू नका.

आपला अपराधी,
चांगो


उंबरवेढे
२५ फेब्रुवारी १९७५

चि. चांगो यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचून तुझा राग आला, आणि मग माझाच जास्त आला. तू काट्या काढल्यास, पण शेळीला डहाळी दाखवून नेली ती मी. तसाच उठून काकीकडे गेलो आणि पत्र वाचून दाखवलं.

काकी म्हणाली, मला ठाव हाय. तू सायकल काढत होतास तेव्हा ती बांधावरच होती म्हणे. तूच तिला हाक मारलीस, काकी, काट्या जरा धर गं. आणि तिने धरल्या. तू नंतर लावतो म्हणालास. तिलाही पुढे ध्यान राहिलं नाही, हे ती स्वतःहून म्हणाली. चांगो, हेही तुला आठवलं नाही का रे?

मी विचारलं, मग नाव का घेतलं नाहीस? पंचायतीत एक शब्द बोलली असतीस तर मैना सुटली असती. तर म्हणाली, तुजा राग म्हाईत हाय मला. पोराला दारात उबं केलं नसतंस. आनि त्याचा तो सांगंल आसं वाटलं व्हतं मला. पंधरा दिवस ती पोस्टमनला वाटेत अडवून विचारत होती, बुधाजीकडं चांगोचं पत्र हाय का.

मग हे पत्र कधी आलं म्हणून तिने विचारलं. मी आत्ताच म्हणून सांगितलं. लिलावाच्या शनिवारपासून ती बोटांवर मोजत बसली आणि म्हणाली, नव दिस उशीर झाला रं.

माझ्याच्याने तिथे थांबवेना. रविवारी ये. तिला काय सांगायचं ते तुझं तू सांग.

तुझा दादा,
बुधाजी