हातांवर बसून

वॉलरू
दक्षिण ऑस्ट्रेलिया
७ मार्च २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

"आण इकडे, तुझ्याने नाही व्हायचं." जर्दाळू कापायच्या शेडमध्ये तू हे म्हणालीस तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तू चौदाची. माझ्या हातातली सुरी तू काढून घेतलीस, आणि त्या उन्हाळ्यापासून मी रिकामे ट्रे वाहायला लागले. तुझं चुकलं असं म्हणत नाही. माझा अंगठा त्यामुळेच शाबूत राहिला, हे तू मला साठ वर्षं सांगत आली आहेस. पण गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. मागची खोली रंगवून घेतली आहे, घर विकून वाइकेरीला ये, एकटीने तुझ्याने नाही व्हायचं. ते वाचलं आणि मला एकदम त्या शेडचा वास आला, पिकल्या जर्दाळूंचा आणि वाळवणाला देतात त्या गंधकाच्या धुराचा.

तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. लॅन्स ऑक्टोबरात गेला, आणि तेव्हा कुठे कळलं की आमचा निम्मा संसार त्याच्या त्या कॉम्प्युटरमध्ये होता. दवाखान्याची वेळ त्यावर, विजेचं बिल त्यावर, ॲडलेडच्या बसमधली जागासुद्धा त्यावर. मी तो फक्त पुसायचे. गेले पाच महिने तू तिथे बसून फोनवर आणि टपालाने माझं सगळं करते आहेस. (मध्यंतरी डॉक्टरांची सात तारखेची वेळ तू मला एक तारखेची म्हणून सांगितलीस आणि मी सहा दिवस आधीच जाऊन बसले, ते सोड. तू चुकलीस हे मी डायरीत लिहून ठेवलं आहे. पहिलीच नोंद आहे.)

तरी एक मागते. जूनअखेरपर्यंत मुदत दे. इथे मेथडिस्ट चर्चच्या जुन्या हॉलमध्ये दर गुरुवारी म्हाताऱ्यांचा कॉम्प्युटर क्लब भरतो. शिकणारे म्हातारे आणि शिकवणारेही म्हातारेच. आज माझा पहिला दिवस झाला. तिथला एक नियम ऐकशील तर हसशील. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. हात शिवशिवतात म्हणून शिकवणारे चक्क मांडीखाली तळवे घालून स्वतःच्या हातांवर बसतात. माझ्या वाट्याला क्लिफर्ड ट्रेनगोव्ह आला आहे. चाळीस वर्षं धक्क्यावर गव्हाची जहाजं भरायचा. त्याचे पंजे एवढे मोठे आहेत की त्यांच्यावर बसला की तो वीतभर उंच होतो.

जूनअखेर मी स्वतः डॉक्टरांची वेळ घेतली, बिल भरलं आणि तुला एक पत्र कॉम्प्युटरवर लिहिलं, तर मी माझ्या घरात राहीन. नाही जमलं तर एक शब्द न बोलता मागच्या खोलीत येईन.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ग्लेनिस


वाइकेरी
१९ मार्च

चि. ग्लेनिस हिस,
अ. उ. आ.

मुदत दिली. नाही म्हटलं असतं तर तू तोंड फुगवून आली असतीस, आणि तसलं तोंड घेऊन मागच्या खोलीत कुणी बसलेलं मला चालायचं नाही.

हातांवर बसून शिकवणं हा पोरखेळ आहे. मी छत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं. मुलांचा हात हातात धरून गिरवून घेतलं, तेव्हा कुठे त्यांची अक्षरं वळली. तुझा तो जहाजवाला बसू दे हातांवर. त्याला मुंग्या येतील आणि तुला काही येणार नाही.

शेडचं म्हणशील तर तू सुरी फळाभोवती फिरवायचीस. सुरी स्थिर धरून फळ फिरवायचं असतं. हे तुला सांगत बसायला वेळ कुणाला होता? समोर पेट्यांचा डोंगर आणि बाबा दारात उभे. आणि त्या तारखेचं म्हणशील, तर त्या लोकांनीच बारीक लिहिलं होतं. डायरीतली नोंद खोड.

या पत्राच्या ओळी उतरत गेल्यात त्याला कारण टेबल. त्याचा एक पाय आखूड झाला आहे. खोलीला दिलेल्या रंगाला पिस्ता म्हणतात, असं शेजारची फोतिनी सांगते. छान दिसतो म्हणे. फोतिनी रोज येते, बडबड करते आणि स्वतःच्या पिठाच्या वड्या मलाच खाऊ घालते. ग्रीक बायकांना नाही म्हणता येत नाही, हे तुला आल्यावर कळेल.

प्रकृतीस जप. लोभ करतेस तो करत राहा, मी काही मोजत नाही.

तुझी,
ताई


वॉलरू
११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या गुरुवारी मी क्लबात नाव काढलं. पडद्यावरचा बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा होता. मी माउस सरकवत सरकवत टेबलाच्या काठापर्यंत आले. टेबल संपलं, आणि बाण अजून मध्येच. मी क्लिफर्डला विचारलं की याहून लांब टेबल मिळेल का. क्लबाचं चहापाणी बघणारी मॅव्हिस चहा ओतत होती. ती मागे न बघताच म्हणाली की पिंगपाँगचं आहे, हवं तर लावू. क्लिफर्ड हसला नाही. त्याचे खांदे तेवढे हलत होते, हात मात्र खालीच. मग म्हणाला की बाई, धक्क्यावर दोर ओढताना आपण मागे मागे चालत गावात जातो का? हात सोडतो, पुन्हा पुढे नेतो, पुन्हा ओढतो. तसा माउस उचला, मध्ये ठेवा आणि सरकवा. माउस उचलता येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझं पत्र चार दिवस डोक्यात घोळत होतं. सुरी स्थिर धरायची आणि फळ फिरवायचं, एवढंच होतं? मी रागावले नाही. टोपलीतला एक प्लम घेतला आणि तसा कापून पाहिला. दोन सारख्या वाट्या निघाल्या. त्या बशीत तशाच ठेवल्या होत्या, संध्याकाळपर्यंत खाववल्या नाहीत.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एल्मा असते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला आहे. समोर बघितलं की माणसाचं तोंड गायब, कडेचे कान तेवढे दिसतात. ती काळ्या पडद्यावर पेल्याएवढी पांढरी अक्षरं करते आणि मान वाकडी करून बाजूने वाचते. कोंबडीसारखी, असं तीच म्हणते. दोन वर्षं ती घरातून बाहेर पडली नव्हती. आता स्वतःच्या बहिणीला रोज लिहिते आणि तिच्या चुका काढते. तुमचं दोघींचं जमेल.

डॉक्टरांची वेळ घेतली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा झाली. क्लिफर्ड हातांवरच बसला होता.

लोभ असू दे, आणि वड्या थोड्या माझ्यासाठी ठेव.

तुझी,
ग्लेनिस


वाइकेरी
५ मे

चि. ग्लेनिस हिस,
अ. उ. आ.

पेन सापडत नाही म्हणून मार्करने लिहिते. पानावर फार मावणार नाही.

तुझं अक्षर मुंग्यांसारखं झालं आहे. मोठं लिही, आणि काळ्या शाईने. एवढं शिकवलं ते वाया गेलं.

त्या एल्माचं पुन्हा लिहू नकोस. आजारी माणसांच्या गोष्टी मला आवडत नाहीत.

गाडी विकली. म्हातारी झाली होती. गाडी.

यंदा क्विन्सची जेली केली नाही. फळं चांगली नव्हती.

जूनपर्यंत थांबायचं कशाला? आताच ठरव. तुझं तिथे एकटीने व्हायचं नाही. खोली रिकामी बरी वाटत नाही.

लोभ आहे तो आहे.

ताई


वॉलरू
३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मोठं आणि काळं लिहिते आहे. आता हे पत्र दुकानावरच्या पाटीसारखं दिसतं.

विजेचं बिल आज माझ्या हाताने भरलं. भरून झाल्यावर मी आणि क्लिफर्ड दोघं पडद्याकडे बघत बसलो, पडदा अजून काही म्हणेल म्हणून. मॅव्हिसने केक कापला. तिथे कुणाचंही पहिलं बिल भरून झालं की केक असतो. आता पत्र तेवढं राहिलं.

तू गाडी विकलीस हे वाचून मी जरा थांबले. बाबांची गाडी तू बावीस वर्षं चालवलीस, तिला मागचा दरवाजा नव्हता तरी. जेलीचंही तसंच. तू क्विन्सला कधी नावं ठेवली नव्हतीस, नावं माणसांना ठेवतेस. सगळं ठीक आहे ना? ठीक आहे असं लिहिशील हे माहीत आहे. जरा लांबलचक लिही.

लोभात कसूर नको.

तुझी,
ग्लेनिस


वाइकेरी
१२ जून

चि. ग्लेनिस हिस,
अ. उ. आ.

(एव्हरिलताई सांगतात ते लिहून घेते आहे. त्यांच्या हाताला पट्टी आहे. फोतिनी.)

सगळं ठीक आहे. केटलीची वाफ लागली, एवढंच. फोतिनीला हे लिहू नकोस म्हटलं होतं, तिने लिहिलं. हेही लिहिते आहे ती.

बिल भरलंस म्हणून केक खाल्लास, हे वाचून बरं वाटलं. पण बिल भरणं म्हणजे काही घर चालवणं नव्हे. हिवाळा आला. तुझ्या घरात ओल असते. छपरावर चढणारं आता कुणी नाही. मी तुझ्या काळजीने सांगते आहे. मला काय, मला इथे सगळं आहे.

(मग पत्र संपव म्हणाल्या. फोतिनी.)

लोभ असावा.

ताई


वॉलरू
२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र छापलेलं आहे. एका पानावर सहा ओळी आल्या आहेत, म्हणून पाकीट एवढं जाड. तीन गुरुवार एका बोटाने टाइप करत होते. अक्षरं मोठी कशी करायची ते एल्माने दाखवलं, तीही हातांवर बसून.

हे फोतिनीकडे देऊ नकोस. खिडकीपाशी बस आणि स्वतः वाच. अक्षराकडे सरळ बघू नकोस, जरा वर, बाजूला बघ. डाग बाजूला सरकतो आणि अक्षर कडेने आत येतं. वेळ लागतो. एल्मा म्हणते पहिल्या दिवशी रडू येतं, तिसऱ्या दिवशी राग येतो, मग वाचता येतं.

मी फोतिनीला फोन केला होता. तिच्यावर चिडू नकोस, तिने काही सांगितलं नाही. मी क्विन्सचं विचारलं. ती म्हणाली की एवढे क्विन्स वीस वर्षांत आले नव्हते, तुझं झाड वाकलं होतं, सगळे पोपटांनी खाल्ले. मग मी विचारलं की माझी पत्रं ताईला कोण वाचून दाखवतं. त्यावर ती गप्प बसली. एवढी बडबडी बाई गप्प बसल्यावर मला आणखी काय विचारायचं होतं?

मग मी तुझी सगळी पत्रं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. उतरत गेलेल्या ओळी, मार्कर, एल्माचं लिहू नकोस ही ताकीद, गाडी, केटलीची वाफ. साताचा एक झाला होता तो फेब्रुवारीत. म्हणजे मला मागची खोली द्यायची ठरवलीस तेव्हाच तुला दिसेनासं झालं होतं. आणि त्या अवस्थेत तू माझ्या दवाखान्याच्या वेळा घेत होतीस. कशा घेतल्यास गं? भिंग धरून? मी डायरीतली ती नोंद खोडली आहे.

तू मला बोलावत होतीस, आणि मला वाटलं तू मला ट्रे वाहायला लावते आहेस. तू खरं लिहिलं असतंस तर मी मार्चातच घर विकून आले असते. मग क्लबाचं दारही पाहिलं नसतं, आणि आपण दोघी त्या पिस्ता रंगाच्या खोलीत बसून फोतिनीची वाट बघत राहिलो असतो. तेव्हा न लिहिलंस तेही एका परीने बरंच झालं.

वेळ घेतली, बिल भरलं, आणि पत्र हे तुझ्या हातात आहे. तिन्ही झाली. ठरल्याप्रमाणे मी माझ्या घरात राहणार.

पण दहा जुलैला मी तुझ्याकडे येते आहे, महिनाभरासाठी. बसची जागा मीच घेतली, दोन्ही बसची. क्लबने एक कॉम्प्युटर उसना दिला आहे. मोठी अक्षरं दाखवणारा, आणि कंटाळा आला तर वाचूनही दाखवणारा. त्याचा आवाज तुला आवडणार नाही, वर्गात उभं राहून धडा वाचणाऱ्या हुशार मुलीसारखा आहे. क्लिफर्डने विचारलं की शिकणारी बाई कशी आहे. शिक्षिका होती, असं सांगितलं. तो म्हणाला की मग हात जास्त घट्ट दाबून बसा.

महिन्याने तुझ्याने खरंच होत नाही असं दिसलं, तर मी घर विकेन आणि येईन. मनापासून येईन. फक्त तेव्हा "तुझ्याने नाही व्हायचं" असं मला लिहू नकोस. "माझ्याने होत नाही" असं लिही. एकाच ओळीचं पत्र पुरेल.

दर पत्रात शेवटी मी लोभ मागते. तो तू देतेस हे आता मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून या वेळी दुसरं मागते. टेबलाच्या आखूड पायाखाली मी पुठ्ठा घालेन. खुर्चीवर तू बसायचं, माउस तुझ्या हातात. बाण हरवला, टेबल संपलं, तू दहा वेळा चुकलीस आणि दहाही वेळा माझ्यावर खेकसलीस, तरी मी शेजारी हातांवर बसून राहीन. "आण इकडे" म्हणणार नाही. तू नाहीच म्हणणार, हे मला माहीत आहे. पोरखेळ म्हणशील, आता या वयात कशाला म्हणशील, फोतिनीकडून तसं लिहूनही घेशील. तरी विचारते. ताई, एवढं एक माझ्याकडून शिकशील?

तुझी,
ग्लेनिस